लटपट

मेकॅनिकने पुढचं चाक वरून-खालून धरून हलवलं, मग दोन्ही बाजूंनी धरून हलवलं आणि सोडून दिलं. चाक हवेत नुसतंच गरगरत राहिलं. पिकअपचं नाक जॅकवर चढवलेलं होतं, आणि म्हातारी बैलजोडी पाहावी तसे दुकानातल्या बाकावरचे दोन-तीन रिकामटेकडे तिच्याकडे पाहत बसले होते.

"कुठे आहे ढिलं? दाखव," मेकॅनिक म्हणाला. "बेअरिंग टाइट. रॉडचे एंड नवे टाकले. पुढचे टायर मागे, मागचे पुढे केले. बॅलन्सिंग करून आणलं. आता काय गाडीला इंजेक्शन देऊ?"

मुकादम काही बोलला नाही. तो बोलतच नसे, म्हणून तर त्याला मुकादम म्हणत. हाताखाली ना माणूस ना गडी; मुका म्हणून मुकादम. शाळेत कुणीतरी ठेवलेलं नाव, ते दाढी पिकायला लागली तरी चिकटून राहिलं होतं. त्याची बायको म्हणून ती मुकादमीण. ती मात्र दोघांच्या वाटचं बोलायची.

"भरल्यावर करते ती," मुकादमीण म्हणाली. "रिकामी तुम्ही नेऊन आणलीत, तेव्हा गुपचूप चालली. भरली, काटा चाळीसच्या पुढे गेला आणि एखादा खड्डा लागला, की स्टेअरिंग असं करतं." तिने दोन्ही मुठी हवेत धरून झडझडून दाखवल्या.

बाकावरची माणसं हसली. एकाने तिच्यासारख्याच मुठी करून शेजाऱ्याला दाखवल्या.

"मग कमी भरा," मेकॅनिक म्हणाला. "वय झालंय तिचं. आणि गाडीबरोबर चालवणाऱ्याचे हात पण तपासायला पाहिजेत. काही काही हात आपसूक थरथरतात."

पुन्हा हशा पिकला. मुकादमाचे कान तांबडे झाले. त्याने खाली बसून स्वतःच जॅक उतरवला, दांडा जागेवर ठेवला आणि गाडीत जाऊन बसला. मुकादमिणीच्या ओठांवर दोन-चार शब्द आले होते. पण या माणसाकडे पुन्हा यायची पाळी येईल हे ओळखून तिने ते गिळले.

परतताना गाडी शहाण्या बाळासारखी चालली. डॉक्टरच्या दारात पाऊल टाकलं की दुखणं पळतं, तशातली गत.

तंबूपाशी आले तेव्हा आबा, म्हणजे मुकादमाचा बाप, साखरेचा पाक ढवळत बसला होता. तिघांचा संसार फुलांच्या मागे फिरायचा. मधाच्या पेट्या गाडीत घालायच्या, जिथे पीक फुलात असेल तिथे बांधावर उतरवायच्या, फूल सरलं की पुढची वाट धरायची. इथली सूर्यफुलं आता माना टाकून उभी होती. पाकळ्या झडलेल्या, तोंडं काळी. फूल संपलं की माशीला दारिद्र्य येतं, आणि दारिद्र्य आलं की ती माणसासारखीच वागते. पेट्यांच्या तोंडाशी मारामाऱ्या चालल्या होत्या. बळकट पेटीतल्या माश्या दुबळ्या पेटीत चोरीला शिरत होत्या. मातीवर पंख तुटलेल्या माश्या गोल गोल फिरत होत्या.

"सापडलं?" आबाने विचारलं.

"नाही सापडलं," मुकादमीण म्हणाली. "गाडी ठणठणीत आहे म्हणतो."

"ठणठणीत गाडी रस्ता सोडून शेतात शिरायला बघत नाही," आबा म्हणाला आणि पाक ढवळू लागला.

ऊन कलल्यावर शेजारचा कलिंगडवाला बांध ओलांडून आला. पेट्यांपासून चार हात लांबच उभा राहिला.

"परवा सकाळी औषध मारतोय," तो म्हणाला. "मोठा पंप सांगून ठेवलाय. नंतर म्हणू नका, सांगितलं नाही."

"थोडं थांबता येणार नाही का?" मुकादमिणीने विचारलं. "आमचं निघायचंच चाललंय. गाडी तेवढी नीट झाली की..."

"वहिनी, वेलाच्या प्रत्येक पानाखाली कीड आहे. मी थांबलो तर ती थांबेल का?" तो तिच्याकडे बघत नव्हता, पायाने ढेकूळ फोडत होता. "तुमच्या माश्यांनी माझं भलंच केलं, मला कळतं. पण वेल गेला तर मला काय राहिलं?"

त्याचं काही चुकत नव्हतं, आणि तेच वाईट होतं. चुकणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं.

घाट चढून गेलं की वर थंडीच्या मुलखात सफरचंदाच्या बागा होत्या, त्या फुलायला लागल्या होत्या. तिथल्या एका बागवाल्याशी बोलणं झालेलं होतं. मुकादमिणीने त्याला फोन लावला. तो घाईत होता. "खालची बाग उमललीय, बाई. फूल कुणाची वाट बघत नाही. परवा दुपारपर्यंत पेट्या लागल्या तर लागल्या. दुसरा एक जण दारात उभा आहे, त्याला मी तुमच्यासाठी थोपवून धरलंय."

दुसरी गाडी मिळते का, तेही पाहून झालं होतं. माश्यांचं भाडं म्हटलं की टेम्पोवाले हात झटकत. मागे एकाने घेतलं होतं; वाटेत एक पेटी उसवली आणि त्याचं तोंड भोपळ्यासारखं सुजलं. तेव्हापासून मुकादमाला पाहिलं की टेम्पोवाले लांबूनच मान हलवायचे.

दुसऱ्या दिवशी सूर्य बुडेपर्यंत तिघं वाट पाहत बसले. बाहेर गेलेली शेवटची माशी घरी आल्याशिवाय पेटी बंद करता येत नाही. अंधारून आलं तसं आबा एकेका पेटीच्या तोंडाशी धूर देत गेला, मुकादमीण मागून जाळीच्या पट्ट्या ठोकत गेली. मग उचलाउचल. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला बायको. पेटीच्या पोटातली घरघर तळहातातून कोपरापर्यंत चढायची. हौदा गच्च भरला, वर दोर आवळले.

"चल," आबा म्हणाला. "आत्ता निघालो तर उजाडायच्या आत वर पोचू. माशी गार हवेत झोपून जाईल."

मुकादम दोराची गाठ तपासत होता. तपासलेलीच गाठ त्याने पुन्हा तपासली.

"पहाटे," तो म्हणाला.

"पहाटे निघालास तर घाटाच्या पायथ्याशीच ऊन गाठेल."

"अंधारात नाही नेणार मी."

बापाला तो आयुष्यात फार वेळा नाही म्हणाला नव्हता. आबाने सुनेकडे पाहिलं. तिने एक शब्द टाकला असता तर मुकादम निघाला असता. तो तिचं ऐकायचा. पण मागच्या खेपेला स्टेअरिंग हातातून सुटलं तेव्हा ती त्याच्या शेजारी बसलेली होती. त्याच्या कपाळावरचा घाम तिने पाहिला होता, आणि गाडी थांबल्यावर तो बराच वेळ खाली उतरला नव्हता, तेही पाहिलं होतं. ती म्हणाली, "दोन घास खाऊन घ्या. पहाटे निघू."

आबा उठून गाडीपाशी गेला आणि पेट्यांना टेकून बसून राहिला.

तांबडं फुटायला ते निघाले. सपाटीवर गाडी बरी चालली. मुकादमाने काटा पस्तिशीच्या वर जाऊ दिला नाही. मागून येणारे ट्रक भोंगे वाजवत, शिव्या देत पुढे जात होते. मधे बसलेला आबा दर थोड्या वेळाने मान वळवून मागच्या काचेला कान लावायचा.

"काय म्हणतात?" मुकादमीण विचारायची.

"अजून शहाण्या आहेत."

पण सूर्य वर आला तसा तो भराभर वर आला. टपावरचा पत्रा तापला. डोंगर समोर दिसत होते आणि जवळ येत नव्हते. आबाने कान लावला आणि यावेळी काही बोलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "जरा दामटव. वारा लागू दे त्यांना."

मुकादमाने दामटली. काटा चाळीसवर आला, पुढे सरकला. मुकादमिणीने नकळत दरवाज्याची कडी धरली. रस्ता गुळगुळीत होता. पंचेचाळीस. काही झालं नाही. तिने कडी सोडली.

मग ओढ्यावरचा पूल आला. पुलाच्या तोंडाशी सिमेंट आणि डांबर यांच्यामधे एक आडवी फट होती. पुढची चाकं तिच्यावरून गेली, 'धाड' असा एकच आवाज झाला.

आधी स्टेअरिंग बारीक शहारलं. मग ते मुकादमाच्या मनगटांना झटके द्यायला लागलं, डावीकडे, उजवीकडे, कुणीतरी खालून चाकं धरून गदागदा हलवतंय असं. समोरची काच वाजायला लागली, आरसा फिरून छताकडे बघायला लागला, मुकादमिणीचे दात एकमेकांवर आपटले. गाडीचं नाक पुलाच्या कठड्याकडे गेलं, परत आलं, परत गेलं. मुकादमाने स्टेअरिंगला छातीशी मिठी मारली होती. समोरून ट्रक येत होता. त्याचा भोंगा लांबच लांब वाजत राहिला.

"ब्रेक!" आबा ओरडला.

"ब्रेक नको!" मुकादम ओरडला. त्याने ॲक्सिलरेटरवरचा पाय तेवढा काढून घेतला. गाडी पूल ओलांडून खाली उतरली, वेग मरत गेला तशी ती लटपट मरत गेली. बाजूच्या मऊ मातीत एक चाक रुतलं आणि गाडी तिरकी होऊन थांबली.

मागे घरघर वाढली होती, आणि वाढतच होती.

आबा सगळ्यात आधी उतरला. दोर टिकले होते, पेट्या जागेवर होत्या. त्याने एका पेटीच्या जाळीवर तळहात ठेवला आणि झटकन काढून घेतला. "भट्टी झालीय आत," तो म्हणाला. "गाडी उभी राहिली, वारा गेला. आता या घाबरणार. घाबरल्या की जास्त तापणार."

पाण्याचा कॅन होता तो त्यांनी फडक्यांवर ओतला, फडकी पेट्यांवर टाकली. बघता बघता ती वाळली. पुलाखाली ओढा होता, पण त्यात वाळू होती फक्त.

"उघड," आबा म्हणाला.

"इथं?" मुकादम म्हणाला. "उघडल्या तर बाहेर पडतील. मग संध्याकाळ होऊन परत येईपर्यंत हलता येणार नाही. बागवाला दुपारपर्यंतच थांबणार आहे."

"बागवाल्याचं काय घेऊन बसलास? या दुपारपर्यंत थांबणार आहेत का, ते बघ!"

"नुसतं कळू दे मला काय झालंय ते. जॅक लावतो. काहीतरी सुटलं असेल, आवळून निघू."

मुकादमाने जॅक काढला, पुढे लावला, दांडा मारायला लागला. गाडी वर यायच्या ऐवजी जॅक खाली चालला. त्याने दगड आणला, खाली ठेवला. दगड मातीत गेला. फळी ठेवली, फळी कलली आणि जॅक निसटून त्याच्या पायावर पडला. तो ओरडलासुद्धा नाही. गुडघ्यांवर तसाच बसून राहिला, मातीने भरलेले दोन्ही हात मांडीवर उताणे टाकून.

मुकादमीण त्याच्याजवळ गेली. "उचलायची कशाला?" ती म्हणाली. "तुम्ही वर बसा. आहे तशी स्टेअरिंग फिरवा. मी खाली जाऊन बघते."

"तुला काय कळणार?"

"काही कळणार नाही. हलायला नको ते हलताना दिसलं तर सांगेन."

ती पदर कमरेला खोचून गाडीखाली शिरली. माती चटके देत होती, वर इंजिनची धग. कानाशी काहीतरी टपकलं. तिला वाटलं तेल असेल; बोटाने पुसलं तर चिकट लागलं. हौद्याच्या फटीतून मध गळत होता. आत मेणाची पोळी वितळायला लागली होती.

"फिरवा!" ती ओरडली.

स्टेअरिंग इकडून तिकडे फिरलं. मेकॅनिककडे चाकं हवेत होती, सुखाने फिरत होती. इथे ती जमिनीवर होती, सगळं ओझं त्यांच्यावर होतं, आणि वळायला नको म्हणत होती. दांडे ताणले गेले, सैल झाले. नवे एंड चकचकीत दिसत होते; ते घट्ट होते. ती नजर दांड्यावरून मागे नेत गेली, जिथे तो स्टेअरिंगच्या पेटाऱ्याला लागतो तिथपर्यंत.

"पुन्हा!"

पेटाराच हलला. नुसता दांडा नाही, तो आख्खा लोखंडी पेटारा, चार बोल्टांसकट, पुढे गेला आणि मागे आला. तिला वाटलं डोळ्यात घाम गेलाय. तिने बाहीने डोळे पुसले.

"पुन्हा फिरवा. सावकाश."

बोल्ट घट्टच होते. ज्याला ते आवळले होते तो चासीचाच पट्टा फाटला होता. चिखलाच्या पापुद्र्याखाली एक केसासारखी रेघ होती. स्टेअरिंग डावीकडे गेलं की ती उघडायची, उजवीकडे गेलं की मिटायची. प्रत्येक वेळी तिच्यातून तांबूस भुकटी गळत होती. मुकादमिणीने नखाने चिखल खरवडला. रेघ वरपर्यंत गेली होती. बोटाच्या रुंदीचं लोखंड तेवढं शाबूत होतं.

"सापडलं," ती म्हणाली. मग ओरडून म्हणाली, "अहो, सापडलं! चासी फाटलीय!"

"बोल्ट ढिला असेल."

"बोल्ट नाही. या, तुम्ही बघा. मी वर बसते."

तिने स्टेअरिंग फिरवलं, तो खाली झोपला. बाहेर आला तेव्हा तो उन्हातही पांढरा दिसत होता.

"पुलावर..." एवढंच तो म्हणाला. तेवढी बोटभर पट्टी पुलावर तुटली असती तर काय झालं असतं, ते दोघांनाही कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता. हे आवळायचं काम नव्हतं. वेल्डिंग करायला लागणार होतं, पेटारा उतरवून, आतून पट्टी मारून.

मागून आबाची हाक आली. हाक कसली, तो नुसताच नवऱ्याबायकोकडे हात करत होता. घरघर बदलली होती. आता ती एकसारखी नव्हती. मधेच चढायची, मधेच तुटायची. कोपऱ्यातल्या एका पेटीतून तर काहीच येत नव्हतं.

"उतरवा," मुकादम म्हणाला.

भर दुपारी माश्यांच्या पेट्या उतरवणं म्हणजे निखाऱ्यात हात घालणं. रस्त्यापलीकडे बाभळीची चार झाडं होती, सावली कसली, नुसती जाळी. तिथपर्यंत पेट्या न्यायच्या होत्या. एक नेऊन ठेवायची की आबा जाळीची पट्टी उपटायचा आणि आतून माश्या धूर सुटावा तशा सुटायच्या. आंधळ्या रागाने त्या दिसेल त्याला डसत होत्या. मुकादमिणीच्या मानेवर, मनगटावर, ओठावर काटे बसले. एका पापणीवर बसला तेव्हा तिने पेटी टाकली नाही; डोळा मिटला आणि दुसऱ्या डोळ्याने चालत राहिली. रस्त्यावरून जाणाऱ्या एका मोटारीने काचा वर केल्या आणि वेग वाढवला.

खालच्या थरातल्या पेट्या सगळ्यात वाईट होत्या. उचलल्या की तळातून मध आणि वितळलेलं मेण धारेने गळायचं. आबाने एक उघडली. पोळी चौकटींतून निसटून तळाशी ढीग होऊन पडली होती आणि त्या ढिगात माश्या, ओल्या, काळ्या, एकमेकींना चिकटलेल्या. त्याने हाताने चिखल उपसावा तसा तो ढीग उपसला. राणी शोधत होता.

"आबा, राहू द्या," ती म्हणाली.

"तू दुसरी आण."

गाडी रिकामी झाली, तसं रुतलेलं चाकही मोकळं झालं. मुकादमाने साखळीने पेटारा चासीला आवळून बांधला, फटीत लाकडाची पाचर ठोकली. मागे फाट्यावर वेल्डिंगचं दुकान पाहिल्याचं त्याला आठवत होतं. माणसाच्या चालीने न्यावी लागणार होती.

"मी येऊ?" तिने विचारलं.

त्याने बाभळीखाली बसलेल्या बापाकडे पाहिलं आणि मान हलवून नको म्हटलं. गाडी वळवून तो पुलावरून गेला, इतक्या सावकाश की एक कुत्रं त्याच्या पुढे गेलं.

ती दुपार सरता सरली नाही. मुकादमीण आणि आबा एकेक पेटी उघडत, मेलेलं बाहेर काढत, जिवंत असेल ते दुसऱ्या पेटीत घालत बसले. बाभळीला फूल नव्हतं. माश्या उडून जायच्या, लांबवर चक्कर मारून रित्याच परत यायच्या. एका डोळ्याने तिला अर्धंच दिसत होतं. आबाच्या हातांवर इतके काटे होते की त्याने ते काढायचं सोडून दिलं होतं.

'रात्री निघालो असतो तर' हे वाक्य त्या दोघांच्या मधे बसलेलं होतं. आबा ते बोलला नाही. ती मनात म्हणत होती, बोला एकदा, शिव्या द्या, मलाही द्या, मीच म्हणाले होते पहाटे निघू. पण आबा फक्त म्हणाला, "ही राणी जिवंत आहे. चिमूटभर माश्या दे हिला कुणाच्या तरी."

बागवाल्याचा फोन आला. तिने सगळं सांगितलं.

"बाई, मी दुसऱ्याच्या पेट्या लावून घेतल्या," तो म्हणाला. "मला थांबता आलं नाही. अगदी वरच्या टप्प्यावर जागा आहे. पण तिथे फूल अजून मिटलेलं आहे, थंडी आहे, वारा आहे. उमलेपर्यंत माश्यांना तुम्हीच पोसायचं. यायचं तर या."

"येतो," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

दिवस मावळायला गाडी आली. मुकादमाचे डोळे लाल होते. तो वेल्डरच्या शेजारीच बसून सगळं बघत राहिला असणार. तो उतरला आणि म्हणाला, "आतून-बाहेरून पट्टी मारली."

मुकादमीण उठली, पदर खोचला आणि त्याने काही म्हणायच्या आत गाडीखाली गेली. "फिरवा," ती म्हणाली. त्याने फिरवलं. ती बराच वेळ पाहत राहिली. दांडे हलले. पेटारा हलला नाही. तिने नवी पट्टी बोटाने चाचपली. ती अजून कोमट होती.

तोवर माश्या घरी आल्या होत्या. तोंडं बंद केली, पेट्या चढवल्या. सकाळी हौदा गच्च होता. आता त्यात मधोमध आडवं झोपता आलं असतं. रिकाम्या झालेल्या पेट्या त्यांनी बाभळीखाली रचून ठेवल्या. मुकादमाने त्या मोजल्या नाहीत, नुसतं त्यांच्याकडे पाहिलं आणि मग बापाकडे पाहिलं. आबा आधीच गाडीत जाऊन बसला होता.

यावेळी कुणी 'पहाटे' म्हणालं नाही.

घाटात रस्ता जागोजागी उखडलेला होता. पहिल्या खड्ड्याला तिघांनीही श्वास धरला. चाक आपटलं, गाडी उसळली, आणि स्टेअरिंग जिथे होतं तिथेच राहिलं. दुसऱ्या खड्ड्यालाही तेच. मुकादमाने गाडी पळवली. आबाने काचेला कान लावला नाही. तो डोळे मिटून बसला होता, पण झोपलेला नव्हता.

वरच्या टप्प्यावर ते पोचले तेव्हा झाडांवर दहिवर होतं. कळ्या मुठी मिटून बसल्या होत्या. खालच्या बाजूला दुसऱ्याच्या पेट्या रांगेत पांढऱ्या दिसत होत्या आणि त्यांच्यावरची झाडं फुलांनी लगडलेली होती. यांच्या पेट्या दगडी बांधाच्या आडोशाला लागल्या. जाळ्या काढल्या. दोन-चार माश्या तोंडाशी आल्या, थंडी बघून परत आत गेल्या.

आबा पाकासाठी चूल मांडायला दगड गोळा करू लागला. मुकादमीण सुजलेल्या बोटांनी साखरेचं पोतं सोडत होती. गाठ सुटत नव्हती. मागून मुकादमाचा आवाज आला.

"त्या बाभळीखाली राहिलेल्या पेट्या घेऊन येतो. रस्त्यात आहेत. कुणी जळणाला नेईल."

"आत्ता?"

"गाडी चालते आता."

तिने वळून पाहिलं. तो किल्ली हातात घेऊन उभा होता. अंगावर कालची माती, हात ग्रीसने काळे, कपाळावर मधाचा वाळलेला ओघळ.

"आज कुठे जाऊ नका," ती म्हणाली.

"आबांना वाटत असेल..." तो म्हणाला आणि थांबला. शब्द जुळवायची त्याला सवय नव्हती. "मी रात्री निघालो असतो तर..."

दगड ठेवता ठेवता आबाचे हात थांबले. त्याने लेकाकडे मान वर करून पाहिलं नाही. शेजारचा एक सपाट दगड त्याने हाताने झाडला.

"बस इथं," आबा म्हणाला. "वाऱ्याच्या बाजूला बस. नाहीतर जाळ लागायचा नाही."

मुकादम गेला आणि बापाला पाठ टेकून वाऱ्याकडे तोंड करून बसला. मुकादमिणीने दातांनी पोत्याची गाठ सोडली.